रजेचे कारण

वैद्यकीय रजेच्या अर्जात ‘रजेचे कारण’ असा एक रकाना असतो. एकोणीस वर्षांच्या नोकरीत तो मी तीनदा भरला होता. एकदा टायफॉइड, एकदा हर्नियाची शस्त्रक्रिया आणि एकदा पावसात घसरून मोडलेले मनगट. चौथ्या वेळी, डिसेंबर २०२४ मध्ये, तोच रकाना भरायला मला सतरा दिवस लागले. त्या सतरा दिवसांचे आणि त्यांच्या मागच्या-पुढच्या काही महिन्यांचे हे टिपण आहे. शाळेच्या कामाने मन आजारी पडले आहे हे ज्यांना कळले आहे, पण नेमक्या कोणत्या खिडकीपासून सुरुवात करायची ते कळत नाही, अशा शिक्षकांसाठी तारखा, खर्च आणि कागद जसे होते तसे लिहीत आहे.

मी परळ-लालबाग भागातील एका अनुदानित मराठी शाळेत नववी-दहावीला गणित आणि विज्ञान शिकवतो. राहायला भांडुपला आहे, त्यामुळे रोज धीम्या लोकलने करी रोडला उतरतो. गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी मनोरे उभे राहिले, आमच्या जुन्या विद्यार्थ्यांची कुटुंबे बदलापूर-विरारकडे सरकली आणि मनोऱ्यांत राहायला आलेल्यांची मुले आमच्याकडे येत नाहीत. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे विद्यार्थिसंख्येवरून शाळेतील शिक्षकांची पदे ठरवण्याच्या शासकीय प्रक्रियेत, पदे घटतात. १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा शासन निर्णय आल्यापासून शिक्षक खोलीत चहाबरोबर एकच विषय असे, तो म्हणजे पुढच्या वर्षी अतिरिक्त कोण ठरणार. मे महिन्यात आम्ही वस्त्यांमधून फिरून मुले मागत होतो आणि जूनमध्ये त्यांच्याच माहितीचे तक्ते भरत होतो.

त्या वर्षी मी दहावीचा वर्गशिक्षक होतो आणि शिवाय यू-डायस प्लस (शाळांच्या माहितीची शासकीय ऑनलाइन नोंद) आणि अपार (प्रत्येक विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) या दोन्ही कामांची जबाबदारी माझ्याकडे होती, कारण ‘सरांना संगणक येतो’. अपार क्रमांक तयार होण्यासाठी शाळेच्या नोंदीतील नाव आणि आधारवरील नाव जुळावे लागते आणि पालकांचे संमतीपत्र लागते. माझ्या वर्गातील ४६ मुलांपैकी ११ जणांची नावे जुळत नव्हती. कुठे वडिलांचे नाव आडनावाच्या जागी, कुठे जन्मवर्ष वेगळे. पालकांना दुरुस्तीसाठी रजा टाकायला सांगायचे तर त्यांचा दिवसाचा पगार जातो, आणि नाही सांगावे तर रात्री साडेनऊला भ्रमणध्वनीच्या गटावर शाळानिहाय प्रलंबित यादी येऊन पडते. ‘अति तातडीचे’, ‘आजच सायंकाळी पाचपर्यंत’, ‘माहिती निरंक असल्यास निरंक कळवावे’ या वाक्यांची मला इतकी सवय झाली होती की दिवाळीच्या सुट्टीतही फोन थरथरला की पोटात गोळा येई. दिवाळीनंतर विधानसभेची निवडणूक होती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामे शिक्षकांना देता येतात, त्यामुळे त्याविषयी तक्रार करण्याचा प्रश्न नव्हता. मी मतदान केंद्राध्यक्ष होतो. १९ नोव्हेंबरला यंत्रे ताब्यात घेतली, रात्र केंद्रावरच काढली आणि २० तारखेला मतदान आटोपून, साहित्य जमा करून घरी पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटून गेली होती. त्या दोन रात्रींत झोप झाली नाही हे साहजिक होते. पुढे ती परत आलीच नाही, हे मात्र साहजिक नव्हते.

गुरुवार, २८ नोव्हेंबर. दहावीचा तिसरा तास, वर्गसमीकरणे. अवयव पाडून सोडवायचे अगदी साधे उदाहरण फळ्यावर लिहिले आणि मधल्या पदाची फोड करताना हात थांबला. पुढची पायरी आठवेना. हे उदाहरण मी एकोणीस वर्षांत किती वेळा सोडवले असेल याची गणती नाही. फळ्याकडे तोंड करून मी उभा होतो, पाठीमागे वर्ग शांत होता, आणि मला त्या शांततेत स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येत होते. शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीने हलकेच सांगितले, ‘सर, उणे तीन आणि उणे चार.’ मी ते लिहिले. तास संपल्यावर प्रयोगशाळेत गेलो, दार लावले आणि रडलो. कशासाठी, ते तेव्हा सांगता आले नसते.

ही एक घटना असती तर थकवा म्हणून सोडून दिली असती. पण मागे वळून पाहिले तर ऑगस्टपासूनच रविवारी संध्याकाळी मला मळमळू लागे, पहाटे साडेतीनला जाग येई, भांडुपच्या फलाटावर मी दोन-तीन गाड्या उगाचच सोडून देई आणि घरी मुलीने अभ्यासातले काही विचारले की तिच्यावर ओरडे. माझ्या पत्नीने सप्टेंबरमध्येच डॉक्टरांकडे जाण्याविषयी सुचवले होते. ‘परीक्षा होऊ दे’ हे माझे उत्तर होते. शिक्षकाच्या आयुष्यात परीक्षा कधी होऊन जात नाहीत, एक संपते तेव्हा दुसरीचे वेळापत्रक लागलेले असते.

१ डिसेंबरच्या रात्री दोनच्या सुमारास मी १४४१६ वर फोन केला. टेलिमानस या शासकीय सेवेचा हा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ती सुरू झाली असून निःशुल्क आणि चोवीस तास उपलब्ध आहे, आणि मराठी भाषा निवडता येते. हे सर्व मला तोंडपाठ होते, कारण दहावीच्या मुलांसाठी त्याचे भित्तिपत्रक मीच सूचना फलकावर लावले होते. पलीकडून बोलणाऱ्या समुपदेशिकेने नाव विचारले तेव्हा मी खोटे सांगितले, गावही खोटे सांगितले, आणि मग बाकीचे सगळे खरे सांगितले. त्यांनी घाई केली नाही. झोप, भूक, काम, घरात कोण आहे, हे विचारून झाल्यावर त्यांनी सरळ विचारले की मरून जावे असे विचार येतात का. मी म्हणालो की तसे नाही, पण सकाळी जागच येऊ नये असे वाटते. त्यावर त्यांनी हे पत्नीला आजच सांगाल का असे विचारले आणि आठवड्याभरात मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्याचा आग्रह धरला. पंचवीस मिनिटांचा तो फोन ठेवल्यावर मी पत्नीला उठवले.

३ डिसेंबरला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व या तपासण्या करायला सांगितल्या. खासगी प्रयोगशाळेत १,४५० रुपये लागले. बी-१२ कमी निघाले, बाकी सारे ठीक होते. या तपासण्या आधी करून घेणे सोयीचे ठरते, कारण थायरॉइड बिघडल्यानेही अशीच मरगळ येऊ शकते आणि मानसोपचारतज्ज्ञ पहिल्याच भेटीत या अहवालांविषयी विचारतात.

मानसोपचारासाठी खासगी दवाखान्यात जावे की सरकारी, यावर आमची घरी बरीच चर्चा झाली. मुंबईत महापालिकेच्या केईएम, नायर आणि शीव येथील लोकमान्य टिळक या मोठ्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. मला पुढे रजेचे प्रमाणपत्र लागण्याची शक्यता होती आणि ते सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयाचे असले तर शाळेत प्रश्न कमी विचारले जातात, असा माझा हिशेब होता. तो बरोबर ठरला, पण त्याची किंमत वेळेत मोजावी लागली.

सोमवार, ९ डिसेंबर. मी नैमित्तिक रजा टाकली आणि पत्नीसह सकाळी साडेसातला अशाच एका रुग्णालयात पोहोचलो. केसपेपर दहा रुपयांचा. त्यासाठी एक रांग, विभागात नोंदणीसाठी दुसरी, आणि नंतर बाकावर साडेतीन तास. नव्या रुग्णांची नोंदणी सकाळीच होते, उशिरा गेल्यास दिवस वाया जातो. पाण्याची बाटली, डबा, आधार कार्ड, जुने अहवाल आणि सोबत एक माणूस हवाच. मी आणखी एक गोष्ट नेली होती आणि तिचा फार उपयोग झाला: एका फुलस्केप कागदावर ऑगस्टपासूनची लक्षणे तारखांसह लिहून ठेवली होती. आत गेल्यावर बोलताना मन कोरे होते, तेव्हा कागद बोलतो.

त्या बाकावर बसलो असताना जे होऊ नये असे वाटत होते तेच झाले. माझ्या एका माजी विद्यार्थ्याची आई समोरून आली. मी केसपेपर उलटा केला. त्या थांबल्या, ‘सर, तुम्ही इथे?’ म्हणाल्या आणि मी काही थाप मारण्याआधीच त्यांनी आपल्या पिशवीतली मळकी फाईल दाखवली. तीन वर्षांपासून त्या येत होत्या. त्यांनी आणखी काहीही विचारले नाही. एवढेच सांगितले की औषधांसाठी दोन नंबरच्या खिडकीवर उभे राहा, ती रांग लवकर सरकते. पालक सभेत ज्यांना मी ‘मुलाकडे जरा लक्ष द्या’ असे तीन-चारदा ऐकवले होते, त्या याच बाई. त्या वेळी त्या कुठून उठून शाळेत येत असतील, याचा विचार मी केला नव्हता.

आत निवासी डॉक्टरांनी सुमारे चाळीस मिनिटे सविस्तर माहिती घेतली. तरुण होत्या, माझ्या पहिल्या तुकडीतल्या मुलींच्या वयाच्या. ‘यापूर्वी मानसिक आजार?’ या प्रश्नावर माझ्या तोंडून ‘निरंक’ असा शब्द निघाला आणि आम्ही दोघेही हसलो. नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतली, तिच्यात २७ पैकी १६ गुण मिळाले. जास्त गुण म्हणजे जास्त त्रास, अशी ती परीक्षा. मग वरिष्ठ डॉक्टरांनी पाहिले आणि मध्यम स्वरूपाचे नैराश्य व त्यासोबत चिंता असे निदान सांगितले. मी विचारले की हे नुसते कामाचे ‘बर्नआउट’ असू शकत नाही का. त्यांनी समजावले की जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात बर्नआउट हा आजार धरलेला नाही, कामाच्या ठिकाणच्या सततच्या ताणातून येणारी अवस्था म्हणून त्याची नोंद आहे. माझे मात्र झोप, भूक, एकाग्रता आणि जगण्याची इच्छा या सगळ्यांवर परिणाम होण्याइतके पुढे गेले होते आणि त्याला उपचारांची गरज होती. मला हे ऐकून वाईट वाटले आणि सुटल्यासारखेही वाटले.

नैराश्यासाठी एस्सिटालोप्राम ५ मिलिग्रॅम, आठवड्याने १०, आणि झोपेसाठी फक्त दहा दिवस क्लोनाझेपामची छोटी मात्रा. यांतल्या पहिल्या गोळीचा खरा परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागतात आणि ती आपल्या मनाने बंद करायची नाही, हे दोनदा बजावले गेले. पहिल्या आठवड्यात मळमळ, तोंडाला कोरड आणि वर्गात सलग जांभया असा प्रकार झाला. मुलांना वाटले सर रात्रभर पेपर तपासतात. काही औषधे रुग्णालयात मिळाली, काही बाहेरून घ्यावी लागली, त्याचा खर्च महिन्याला दोनशे रुपयांच्या आत राहिला.

१६ डिसेंबरच्या दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी महिनाभराच्या रजेचा सल्ला दिला, आणि तेथून ते सतरा दिवस सुरू झाले.

पहिली अडचण माझ्याच मनाची होती. १३ जानेवारीपासून दहावीची पूर्वपरीक्षा आणि मंडळाची लेखी परीक्षा त्या वर्षी नेहमीपेक्षा आधी, २१ फेब्रुवारीपासून. वर्गशिक्षकाने अशा वेळी रजेवर जाणे म्हणजे नांगरट करून पेरणीच्या दिवशी शेत सोडून जाण्यासारखे मला वाटत होते. दुसरी अडचण त्या रकान्याची. ज्या एकाच सहकाऱ्याला मी हे सांगितले, त्याने अगदी जिव्हाळ्याने सल्ला दिला की पाठदुखी लिही, मणक्याचे कारण कुणी नाकारत नाही. आमच्या डॉक्टरांनीही तसे प्रमाणपत्र देण्याची तयारी दाखवली. मी ते घ्यायचे जवळजवळ ठरवले होते, हे कबूल केले पाहिजे. सेवाज्येष्ठतेत माझा क्रमांक पर्यवेक्षक पदाच्या जवळ आहे, आणि ‘सरांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे’ हे वाक्य शिक्षक खोलीत किती वेगाने फिरेल याची मला कल्पना होती.

पाठदुखीचा बेत मी सोडला तो काही तत्त्वनिष्ठेमुळे नाही, हिशेबामुळे. रजा मंजूर करणारा अधिकारी शंका आल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत मागवू शकतो. रजा वाढवावी लागली तर खोट्याला पुन्हा खोटे जोडावे लागेल. रुजू होताना तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र लागते, ते कोण देणार? आणि आधीच ज्याला झोप येत नाही त्याने आणखी एक गोष्ट लपवत महिना काढायचा, हे डॉक्टरांच्या सल्ल्याच्या अगदी उलट झाले असते. त्याच काळात मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मधील काही कलमे वाचली. कलम ३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यावरून त्या व्यक्तीला विकल मनाची मानता येत नाही, तसे सक्षम न्यायालयाने ठरवावे लागते. कलम २३ उपचारांविषयीच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क देते. कायदा वाचून भीती जात नाही, पण मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर बसताना पाठ जरा ताठ राहते.

३० डिसेंबरला प्रमाणपत्र घेतले. डॉक्टरांना मी अडचण सांगितली तेव्हा त्यांनी निदानाचे नाव न लिहिता ‘या विभागात उपचार सुरू असून ३० दिवस विश्रांतीची आवश्यकता आहे’ असा मजकूर लिहिला. विभागाचे नाव मात्र शिक्क्यात होतेच. सही झाली तेव्हा शिक्क्याचा माणूस जेवायला गेला होता, शिक्का मिळाला तेव्हा लक्षात आले की जावक क्रमांक राहिला आहे. एका कागदासाठी तीन मजल्यांवर चार फेऱ्या झाल्या. प्रमाणपत्र हातात आल्याबरोबर तेथेच उभे राहून नाव, तारीख, दिवसांची संख्या, सही, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का एवढ्या गोष्टी तपासून घ्याव्यात. माझ्या प्रमाणपत्रात वर्ष चुकून २०२५ पडले होते, ते घरी आल्यावर दिसले असते तर आणखी एक सोमवार गेला असता.

२ जानेवारी २०२५ रोजी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापिका बाईंच्या कक्षात गेलो. ‘रजेचे कारण’ या रकान्यात मी लिहिले होते: ‘मानसिक आरोग्याच्या तक्रारीवर वैद्यकीय उपचार.’ अर्ज उघडा होता, प्रमाणपत्र बंद पाकिटात, वर ‘गोपनीय’ असे लिहिलेले. बाईंनी ते पाकीट फोडले, वाचले आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या. त्या पहिल्यांदा जे बोलल्या ते पूर्वपरीक्षेविषयी होते, आणि मला ते लागले. नंतर त्यांनी विचारले, ‘घरी ठाऊक आहे ना?’ आणि मग, पाकीट पुन्हा चिकटवत, हळूच सांगितले की त्यांच्या भावाचे असेच झाले होते आणि घरात आठ महिने कुणाला कळू दिले नव्हते. रजेला त्यांनी नाही म्हटले नाही, पण सहजही दिली नाही. दहावीचे तास कोण घेणार याचा तक्ता मी करून द्यावा, अशी अट घातली. ती मला रास्त वाटली. नववीचे तास ऑफ तासांत वाटले गेले आणि दहावीचे गणित एका सहकारी बाईंनी स्वतःहून मागून घेतले.

कार्यालयाच्या बाजूचे थोडे तपशील. कायम कर्मचाऱ्याला प्रत्येक पूर्ण वर्षाच्या सेवेमागे २० दिवस अर्धवेतनी रजा खात्यावर जमा होते. वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती परिवर्तित करून पूर्ण वेतनी घेता येते, मात्र खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. म्हणजे माझ्या ३० दिवसांसाठी ६० दिवस गेले. आम्ही दीर्घ सुट्टी उपभोगणारे कर्मचारी असल्यामुळे अर्जित रजेचा फारसा आधार नसतो, ही परिवर्तित रजाच कामी येते. खात्यावर किती दिवस शिल्लक आहेत हे लिपिकांकडून आधी पाहून घ्यावे आणि अर्जावर ‘परिवर्तित रजा’ असा शब्द स्पष्ट लिहावा. नुसते ‘वैद्यकीय रजा’ लिहिल्यास अर्ध्या वेतनावर नोंद होण्याचा धोका असतो. अर्जाची दुसरी प्रत करून तिच्यावर आवक क्रमांक आणि तारीख घालून घ्यावी. आमच्या लिपिकांनी पोच देताना माझ्याकडे पाहिले नाही, आणि मला त्याचे बरे वाटले. जानेवारीचे वेतन पूर्ण निघाले.

६ जानेवारीपासून रजा सुरू झाली. पहिल्या आठवड्याविषयी कुणीतरी आधी सांगायला हवे होते, म्हणून सांगतो: तो वाईट जातो. पावणेसहाला जाग येई आणि मग दिवसभर काय करायचे ते सुचत नसे. गटावरचे संदेश वाचायचे नाहीत असे ठरवले होते, पण हात आपोआप फोनकडे जाई. चौथ्या दिवशी पत्नीने मला त्या गटाची सूचनाध्वनी बंद करायला लावली आणि माझा फोन स्वयंपाकघरातल्या डब्यांमागे ठेवला. संध्याकाळी इमारतीखाली फिरताना शेजारी विचारत, ‘आज शाळा नाही?’ मी ‘थोडी तब्येत’ म्हणत असे. इतपत अर्धे सत्य मी स्वतःला माफ केले आहे.

८ जानेवारीपासून मुलुंडच्या एका चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांकडे जायला लागलो. गोळ्या लिहून देणारे मानसोपचारतज्ज्ञ वैद्यकीय पदवीचे असतात आणि मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतात. निवड करताना त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का हे विचारावे, विचारण्यात काही गैर नाही. दादरला एका ठिकाणी सत्राचे २,५०० रुपये सांगितले होते, यांचे १,५०० होते. एकूण आठ सत्रे झाली, चार रजेत दर आठवड्याला आणि चार नंतर पंधरा दिवसांनी, म्हणजे १२,००० रुपये. हा सर्वांत मोठा खर्च. घरच्या विम्यातून काही मिळेल का याची चौकशी केली. मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखेच विमासंरक्षण द्यावे असे अधिनियमाचे कलम २१ सांगते, पण आमच्या विम्यात कोणत्याच आजाराच्या बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च नव्हता, त्यामुळे माझ्या बाबतीत त्याचा उपयोग झाला नाही.

मुलुंडच्या मानसशास्त्रज्ञांची पद्धत विवेकनिष्ठ मानसोपचाराची होती. पहिल्या सत्रात मी बोलत असताना त्यांनी माझी वाक्ये एका बाजूला लिहून काढली आणि नंतर ‘च’ अक्षराखाली रेघा मारल्या. ‘सगळ्यांना पास व्हायलाच हवे’, ‘माहिती वेळेतच गेली पाहिजे’, ‘मी चुकताच कामा नये’. पानावर अकरा रेघा होत्या. त्यांनी काम कमी करा असे सांगितले नाही, कारण ते त्यांच्या हातात नव्हते आणि माझ्याही नव्हते. तो ‘च’ काढून तेच वाक्य पुन्हा म्हणून पाहा, असे सांगितले. मला हे पोरकट वाटले आणि दुसऱ्या सत्राला मी गृहपाठ न करताच गेलो. ‘वही घरी राहिली’ हे माझे शब्द होते. हे कारण मी एकोणीस वर्षांत किती मुलांच्या तोंडून ऐकले आणि किती जणांना त्यासाठी उभे केले, हे ते बोलता बोलताच आठवले. तिसऱ्या सत्रापासून वही भरायला लागली. रकाने आखून: काय घडले, मनात काय आले, शरीराला काय झाले, दुसरे काय म्हणता आले असते. तक्ते भरण्याचा माझा हात चांगलाच आहे.

गोळीचा परिणाम कधी सुरू झाला ते नेमके सांगता येणार नाही. संक्रांतीला, १४ जानेवारीला, घरी केलेली गुळाची पोळी मी दोनदा मागून घेतली तेव्हा पत्नीने मुलीकडे पाहिले, एवढे आठवते. झोप आठवड्याने आली. वाचन सर्वांत शेवटी परतले, वर्तमानपत्राचा एक अग्रलेख सलग वाचायला जानेवारीची अखेर उजाडली.

३ फेब्रुवारीला तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र घेतले. यावेळी शिक्क्याची वेळ ठाऊक होती, दोन फेऱ्यांत काम झाले. ५ फेब्रुवारीला रुजू झालो. करी रोडच्या जिन्यावर पाय जड झाले होते आणि मी तेथे पाच मिनिटे उभा होतो. वर्गात गेल्यावर मुलांनी विचारले, ‘सर, काय झालं होतं?’ मी आधीच ठरवून ठेवले होते तसे सांगितले, की झोप लागत नव्हती, मन उदास होते, डॉक्टरांकडे गेलो आणि औषध घेतो आहे. शेवटच्या बाकावरून कुणीतरी हसले, आणि मग वर्गसमीकरणांची उजळणी सुरू झाली. शिक्षक खोलीत दोघे माझ्याशी काही दिवस काचेच्या भांड्यासारखे वागले. एकाने पाठीमागे जे बोलायचे ते बोलले असावे, ते माझ्यापर्यंत अर्धेच आले. बाईंनी यू-डायसचे काम दुसऱ्याकडे दिले आणि अपारचे माझ्याकडेच ठेवले. मी आता रात्री आठनंतर गट उघडत नाही. दोनदा त्यामुळे माहिती दुसऱ्या दिवशी गेली, दोनदा विचारणा झाली, उत्तर लिहून दिले.

मंडळाचा निकाल १३ मे रोजी लागला. माझ्या वर्गातील तीन मुले गणितात राहिली. गेल्या वर्षी असे झाले असते तर काय झाले असते, याचा विचार मी त्या संध्याकाळी वहीत लिहिला आणि दुसऱ्या दिवशी त्या तिघांना पुरवणी परीक्षेचे अर्ज भरायला बोलावले. मार्चमध्ये तीच नऊ प्रश्नांची परीक्षा पुन्हा दिली होती, तेव्हा २७ पैकी ६ गुण पडले होते. बरे वाटू लागल्यानंतरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवायची असे डॉक्टरांचे म्हणणे आहे, त्यामुळे ती चालू आहे. डिसेंबर ते जून असा सगळा खर्च पंधरा हजारांच्या आत राहिला.

जूनमध्ये सेवापुस्तकाच्या पडताळणीसाठी कार्यालयात बोलावले. लिपिकांनी पान काढून माझ्यासमोर सरकवले. ‘परिवर्तित रजा, दि. ०६/०१/२०२५ ते ०४/०२/२०२५, एकूण ३० दिवस, अर्धवेतनी खात्यातून वजा ६०.’ खाली मुख्याध्यापिकांची सही. मी ती ओळ दोनदा वाचली आणि विचारले की कारण कुठे लिहिले आहे. सेवापुस्तकात त्याला रकानाच नसतो, असे सांगून त्यांनी सही करण्यासाठी पेन पुढे केले.